काँक्रीटचा रस्ता न फोडता कसा तपासायचा

काँक्रीटच्या रस्त्यावर कुठलंही यंत्र टेकवलं की आकडा येतोच. या तपासणीतली खरी अडचण तीच आहे. रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटवर ठोका मारणारा स्प्रिंगचा हातोडा, त्याच्या आतलं वजन किती उसळलं ते सांगतो. ताकद त्यावरून आपण काढतो. जीपीआर, म्हणजे रस्त्यात रेडिओ लहर सोडणारं रडार, ती लहर जाऊन परत यायला किती वेळ लागला ते सांगतं. जाडी आपण काढतो. एफडब्ल्यूडी, म्हणजे रस्त्यावर वजन पाडणारं यंत्र, स्लॅब (दोन सांध्यांमधला काँक्रीटचा तुकडा) किती मायक्रॉन लवला ते सांगतो. खाली पोकळी आहे की नाही हे आपण ठरवतो. ताकद, जाडी, पोकळी यांतलं काहीच यंत्र थेट बघत नाही. त्यामुळे निकाल चुकतो तेव्हा बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं आणि प्रश्न चुकलेला असतो, किंवा विचारायची वेळ.

म्हणून हा लेख यंत्रांच्या क्रमाने न लिहिता कामाच्या क्रमाने लिहिला आहे.

आधी रस्त्याचा स्वभाव समजून घ्या

या चाचण्या शिकवणारी बरीचशी पुस्तकं इमारतीचा खांब किंवा तुळई डोळ्यांसमोर ठेवतात. रस्ता तीन बाबतींत वेगळा आहे.

एक म्हणजे तुमच्या हाताला फक्त वरची बाजू लागते. खांबाच्या दोन बाजूंना दोन प्रोब, एक लहर सोडणारा आणि एक टिपणारा, लावून आरपार मोजता येतं, तसं इथे करता येत नाही. दुसरं, स्लॅबच्या खाली बहुतेक वेळा कमी सिमेंटच्या काँक्रीटचाच थर असतो. यंत्राच्या नजरेला वरचं काँक्रीट आणि खालचं काँक्रीट जवळजवळ सारखंच दिसतं. मधल्या प्लास्टिकच्या कागदाची जीपीआर दखलही घेत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त विसरली जाते: स्लॅब दिवसभर एका जागी बसून नसतो. ऊन चढलं की वरची बाजू तापून पसरते, खालची थंडच असते, आणि स्लॅब पालथ्या ताटलीसारखा होतो, म्हणजे मध्य किंचित उचललेला आणि कडा टेकलेल्या. रात्री वरची बाजू आधी थंड होते आणि ताटली उताणी होते. मग कोपरे उचललेले असतात. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. पण एफडब्ल्यूडीचे सेन्सर मायक्रॉनमध्ये बोलतात, त्यांना सगळं कळतं. एकाच कोपऱ्याचं पहाटेचं आणि दुपारचं वाचन शेजारी ठेवलं तर दोन वेगळे रस्ते तपासल्यासारखं वाटतं.

पहिली पायरी: प्रश्न कागदावर लिहा

"रस्त्याची गुणवत्ता तपासा" हा प्रश्न नाही. असं पत्र घेऊन कोणी आलं तर मी आधी विचारतो, उत्तर मिळाल्यावर तुम्ही काय करणार आहात? जाडी कमी निघाली तर बिलातून कपात करायची आहे? सांध्याजवळ तडे जात आहेत, त्याचं कारण शोधायचं आहे? जुन्या स्लॅबवर नवा थर टाकायचा आहे? की परवा वाहतूक सोडायची आहे आणि काँक्रीट पुरेसं पक्कं झालं का हे बघायचं आहे?

या चार प्रश्नांना चार वेगळी साधनं लागतात. जाडीसाठी जीपीआर आणि इम्पॅक्ट-इको (टिचकी मारून परतणारी लहर टिपणं). सांध्याजवळच्या तड्यांसाठी डॉवेलची (दोन स्लॅब जोडणाऱ्या, सांध्यातल्या दांड्यांची) तपासणी आणि एफडब्ल्यूडी. नव्या थरासाठी एफडब्ल्यूडी आणि ठोकून बघणं. वाहतूक सोडण्यासाठी मॅच्युरिटी (तापमान आणि वेळ यांवरून काँक्रीट किती पक्कं झालं ते काढणं). हॅमर घेऊन रस्त्यावर फिरणं यांतल्या एकाही प्रश्नाचं पूर्ण उत्तर देत नाही, तरी सगळ्यांत जास्त वापर हॅमरचाच होतो. तो स्वस्त आहे आणि पिशवीत मावतो, एवढंच कारण.

दुसरी पायरी: चालत जा, नकाशा काढा

यंत्र गाडीतच ठेवा आणि तपासायचा पूर्ण पट्टा एकदा पायी बघा. प्रत्येक स्लॅबला क्रमांक द्या. चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) लिहा, पण त्यावर विसंबू नका. सांधा ही पक्की खूण आहे, चेनेजची पाटी नाही. प्रत्येक स्लॅबचा चौकोन काढून त्यात तडे, कोपऱ्याचे तुकडे, सांध्याची उडालेली कड, जुन्या दुरुस्त्या हे सगळं रेखाटा.

दोन खुणा मुद्दाम शोधा. सांध्याच्या कडेला राखाडी किंवा मातकट डाग दिसला तर खालून पाणी आणि बारीक माती वर फेकली जाते आहे, म्हणजे पंपिंग सुरू आहे. आणि सांध्यावर बूट घासून पायरी लागते का बघा. पाणी स्लॅबखाली असताना चाक सांधा ओलांडतं, तेव्हा पुढच्या स्लॅबखालचं पाणी मागच्या बाजूला जोरात ढकललं जातं आणि आपल्याबरोबर माती नेतं. त्यामुळे वाहन ज्या स्लॅबवर येतं त्याच्या कोपऱ्याखाली पोकळी होते आणि मागच्या स्लॅबखाली माती साचते. पायरी लागत असेल तर एफडब्ल्यूडी कुठे ठेवायचा ते तुम्हाला आत्ताच कळलं.

पावसानंतर रस्ता सुकत असताना ही फेरी मारता आली तर उत्तम. पृष्ठभाग सुकतो, पण तडे ओलेच राहतात. कोरड्या दिवशी न दिसणारे केसासारखे तडे तेव्हा काळ्या रेघांसारखे उठून दिसतात.

तिसरी पायरी: ठोकून ऐका

साखळी ओढत चालणं किंवा हलक्या हातोडीने ठोकणं ही या कामातली सगळ्यांत जुनी पद्धत, आणि अजूनही कामाची. सलग काँक्रीट खणखणीत वाजतं. वरचा थर आतून सुटला असेल तर आवाज बद्द येतो. बद्द आवाजाची हद्द खडूने आखा, फोटो काढा, नकाशात भरा.

याची मर्यादा लक्षात ठेवा. कान वरच्या काही सेंटीमीटरमधला सुटलेला पापुद्रा पकडतो. ३०० मिमी जाड स्लॅबच्या खालची पोकळी साखळीला ऐकू येत नाही. "ठोकून बघितलं, सगळं ठीक आहे" एवढ्यावर स्लॅब भक्कम बसला आहे असं कोणी लिहून दिलं तर ते मान्य करू नका.

उष्णता दाखवणारा कॅमेरा हेच काम लांबून आणि वेगात करतो. ऊन पडल्यावर सुटलेला पापुद्रा बाकीच्या काँक्रीटपेक्षा लवकर तापतो, कारण त्याच्याखालची हवेची फट उष्णता खाली जाऊ देत नाही. ढगाळ हवा, जोराचा वारा, ओला रस्ता किंवा तेलाचे डाग असले की चित्र फसवं येतं.

चौथी पायरी: जाडी

इथे थोडं थांबायला हवं. पैशाचे वाद सगळ्यांत जास्त इथेच होतात.

जीपीआरची कल्पना सोपी आहे. अँटेना रेडिओ लहर खाली सोडतो, स्लॅबच्या तळावरून ती परत येते, यंत्र वेळ मोजतं. हवेत ही लहर एका नॅनोसेकंदात ३०० मिमी जाते. काँक्रीटमध्ये ती मंदावते. किती, ते परावैद्युतांकावर, म्हणजे पदार्थ अशा लहरीला किती मंदावतो ते सांगणाऱ्या अंकावर, अवलंबून असतं. ३०० ला त्या अंकाच्या वर्गमुळाने भागलं की वेग मिळतो. अंक ९ असेल तर वेग १०० मिमी प्रति नॅनोसेकंद. अंक ६.२५ असेल तर १२०.

आता हे बघा. स्क्रीनवर जाऊन-येऊन ५ नॅनोसेकंद दिसले. एकेरी वेळ २.५. तुम्ही अंक ९ धरला तर जाडी २५० मिमी. ६.२५ धरला तर ३०० मिमी. रस्ता तोच, फाइल तीच, फरक ५० मिमीचा. कोरड्या जुन्या काँक्रीटचा अंक ६ च्या आसपास असू शकतो, ओल्या किंवा कोवळ्या काँक्रीटचा ९ च्याही वर जातो.

हा धडा मी स्वतः खाल्ला आहे. सुरुवातीच्या काळात एका पट्ट्याचा अहवाल यंत्रात आधीपासून भरलेल्या अंकावरच तयार केला होता. जाडी सरसकट कमी निघाली. बैठकीत आवाज चढले. मग तीन कोअर, म्हणजे रस्त्यातून कापलेले नळकांड्यासारखे नमुने, काढले आणि तिन्हींत जाडी व्यवस्थित भरली. कोअर टेबलावर ठेवून फूटपट्टी लावणाऱ्या माणसाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते. तेव्हापासून त्याच पट्ट्यातल्या निदान एका कोअरवरून वेग काढल्याशिवाय मी मिलिमीटरमध्ये आकडा लिहीत नाही.

दुसरी अडचण वर सांगितलीच आहे. स्लॅबच्या खालीही काँक्रीट असेल तर तळाची रेघ पुसट येते, कधी येतच नाही. त्या वेळी सॉफ्टवेअरला आपोआप रेघ ओढू देऊ नका. ते खुशाल कुठली तरी रेघ पकडतं. नवा रस्ता बनायचा असेल तर काँक्रीट टाकण्याआधी ठरावीक जागी धातूचे पातळ चकतीसारखे पत्रे खाली ठोकून ठेवतात. नंतर चुंबकीय प्रेरणेवर चालणारं जाडी मोजणारं यंत्र वर फिरवलं की पत्र्यापर्यंतचं अंतर थेट मिळतं. हा मार्ग फार नेमका आहे, फक्त तो आधी सुचायला हवा. पत्र्याच्या जवळपास डॉवेल किंवा टाय बार (शेजारच्या लेन बांधून ठेवणारी सळई) मात्र नको.

इम्पॅक्ट-इको हा दुसरा मार्ग. अमेरिकेत १९८० च्या दशकात मेरी सॅन्सालोन आणि निकोलस कॅरिनो यांनी ही पद्धत उभी केली. छोट्या पोलादी गोळीने स्लॅबवर टिचकी मारायची, शेजारी सेन्सर ठेवायचा. लहर तळ आणि माथा यांच्यामध्ये ये-जा करत राहते आणि त्या ये-जा करण्याची एक ठरावीक वारंवारता मिळते. हिशेब असा:

जाडी = ०.९६ × लहरीचा वेग ÷ (२ × वारंवारता)

वेग सेकंदाला ४,००० मीटर आणि जाडी ३०० मिमी असेल तर वारंवारता ६.४ किलोहर्ट्झच्या जवळ येते. १०० मिमीवर आत थर सुटला असेल तर ती १९.२ किलोहर्ट्झला उडी मारते. आणि स्लॅब खालच्या १५० मिमी थराला घट्ट चिकटला असेल, तर लहरीला दोन्ही मिळून ४५० मिमीचा एकच थर वाटतो आणि वारंवारतेच्या आलेखात ४.३ किलोहर्ट्झच्या आसपास शिखर येतं. म्हणजे जाडी तपासता तपासता दोन थरांमध्ये चिकटण आहे का हेही कळतं. ज्या रस्त्यात स्लॅब खालच्या थरापासून सुटा राहावा म्हणून कागद टाकलेला आहे, तिथे ४.३ दिसलं तर कागदाबद्दल विचारणा करायला हरकत नाही.

काम करताना गोळी आणि सेन्सर यांतलं अंतर जाडीच्या निम्म्याहून कमी ठेवा. ३०० मिमी स्लॅबला १०० मिमी सोयीचं पडतं. सांधा, कड आणि मोठा तडा यांपासून लांब राहा, नाहीतर तिथून परतणाऱ्या लहरी शिखर बिघडवतात. एका जागी किमान तीन टिचक्या मारा. तिन्हींचं शिखर एकाच ठिकाणी यायला हवं. खरबरीत पृष्ठभागावर सेन्सर नीट टेकत नसेल तर तेवढी जागा घासून घ्या. आणि वेग इथेही गृहीत धरायचा नाही. दोन सेन्सर ३०० मिमी अंतरावर ठेवून तो जागेवरच मोजा, किंवा जाडी माहीत असलेल्या कोअरच्या जागेवरून उलटा काढा.

शिअर लहर वापरणारी अनेक टोकांची अल्ट्रासाउंड यंत्रंही आता मिळतात. त्यांना जेल लावावी लागत नाही आणि ती आतला उभा छेद चित्ररूपात दाखवतात. यंत्रं चांगली आहेत, पण एकेक बिंदू घेत जावं लागतं. लांब पट्टा जीपीआरने, शंकेच्या जागा यांनी, अशी वाटणी बरी.

पाचवी पायरी: डॉवेल

आडव्या सांध्यातले डॉवेल साधारण ४५० ते ५०० मिमी लांब आणि ३०० मिमी अंतराने असतात. एका स्लॅबवरचा भार दुसऱ्यावर द्यायचा आणि तरी सांध्याला उघड-मीट करू द्यायची, ही दोन्ही कामं त्यांच्याकडे असतात. डॉवेल वाकडा बसला की दुसरं काम बंद पडतं. सांधा जाम होतो आणि स्लॅब दुसरीकडे कुठेतरी फाटतो.

चुंबकीय प्रेरणेवर चालणारं खास यंत्र रुळांवरून सांध्यालगत ढकललं की प्रत्येक डॉवेलची खोली, आडवा-उभा कल आणि सांध्यापासूनची सरक मिळते. पिंजऱ्यात (डॉवेल जागेवर धरून ठेवणाऱ्या तारेच्या चौकटीत) बसवलेल्या डॉवेलांच्या बाबतीत पिंजऱ्याची लोखंडी तार मोजणीत लुडबूड करते, म्हणून यंत्रातली सेटिंग पिंजऱ्यासाठीची आहे ना ते बघून घ्या. फायबरचे डॉवेल असतील तर हे यंत्र त्यांना बघूच शकत नाही.

हे यंत्र हाताशी नसेल तर जीपीआरने काम भागतं. सांध्याच्या बरोबर वरून अँटेना फिरवू नका. सांध्याच्या अलीकडे १५० मिमीवर एक रेघ आणि पलीकडे १५० मिमीवर दुसरी, अशा सांध्याला समांतर दोन रेघा घ्या. प्रत्येक डॉवेल स्क्रीनवर उलट्या वाटीसारखा उमटतो. वाटीचा माथा म्हणजे डॉवेलची जागा. आता दोन रेघांतल्या त्याच डॉवेलचे माथे जुळवा. अलीकडे खोली १४० मिमी आणि पलीकडे १५५ असेल, तर ३०० मिमीत १५ मिमीचा उतार आहे, म्हणजे ५०० मिमी लांबीत २५ मिमी. किती चालेल ते तुमच्या करारातल्या मर्यादेवरून ठरवा. वाट्या मोजायलाही विसरू नका. एका सांध्यात आठ हव्या होत्या आणि सात दिसल्या, असं होतं.

सहावी पायरी: तडा किती खोल आहे

वरून दिसणारा तडा २० मिमी खोल असू शकतो किंवा आरपार. दुरुस्ती त्यावरच ठरते. अल्ट्रासोनिक पल्स वेग मोजणारं नेहमीचं यंत्र इथे चांगलं कामाला येतं.

तड्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर प्रोब ठेवा, समजा १५० मिमी. जेल लावा, वेळ घ्या. ही पहिली वेळ. मग दोन्ही प्रोब दुप्पट अंतरावर, ३०० मिमीवर न्या. ही दुसरी वेळ. तडा मध्ये असल्यामुळे लहरीला त्याच्या टोकाखालून वळसा घालून यावं लागतं, आणि त्या वळशावरून खोली निघते. पहिल्या वेळेच्या वर्गाची चौपट करून त्यातून दुसऱ्या वेळेचा वर्ग वजा करा. हे वर. दुसऱ्या वेळेच्या वर्गातून पहिल्याचा वर्ग वजा करा. हे खाली. भागाकाराचं वर्गमूळ काढून पहिल्या अंतराने गुणा.

पहिली वेळ ९०.१ मायक्रोसेकंद आणि दुसरी १५८.१ आली, तर तडा १०० मिमी खोल आहे.

पण हे गणित तीन अटींवर उभं आहे. तडा उभा असावा, कोरडा असावा आणि मध्ये पोलाद नसावं. पाणी भरलेल्या तड्यातून लहर सरळ पार होते आणि खोल तडा उथळ दिसतो. तड्यात माती घट्ट बसली असेल तरी तेच. सांध्याजवळ डॉवेल लहरीला पूल करून देतात. म्हणून पावसानंतर नकाशा काढा, पण तड्याची खोली मोजायला कोरड्या दिवसाची वाट बघा.

सातवी पायरी: ताकद, म्हणजे ताकदीचा अंदाज

रिबाउंड हॅमर वापरायचाच असेल तर निदान नीट वापरा. रस्त्याला ब्रशच्या किंवा खाचांच्या रेघा असतात. त्यांवर हॅमर मारून काही कळत नाही. हॅमरसोबतच्या दगडाने जागा घासून गुळगुळीत करा. एका जागी दहा ठोके, दोन ठोक्यांमध्ये किमान २५ मिमी. सरासरीपासून ६ पेक्षा जास्त लांब असलेलं वाचन टाका. असं दोनपेक्षा जास्त वाचनांचं झालं तर ती जागाच टाका. रस्त्यावर हॅमर खाली तोंड करून मारावा लागतो आणि आतल्या उसळणाऱ्या वजनाला गुरुत्वाकर्षण मागे ओढतं, त्यामुळे आकडा आडव्या ठोक्यापेक्षा कमी येतो. साध्या हॅमरला ही दुरुस्ती हाताने करावी लागते. ओल्या पृष्ठभागावर आकडा पडतो, जुन्या कार्बोनेट झालेल्या पृष्ठभागावर चढतो. कामाआधी आणि नंतर पोलादी ऐरणीवर हॅमर तपासा.

एवढं करून मिळतं ते फक्त वरच्या काही सेंटीमीटरचं. शिवाय रस्ता डिझाइन होतो वाकण्यातल्या ताकदीवर, आणि हॅमरचे तक्ते देतात दाबातली ताकद. म्हणजे अंदाजावरून अंदाज. हॅमरचा प्रामाणिक उपयोग एकच: एकाच दिवशी टाकलेल्या काँक्रीटमध्ये कुठला स्लॅब बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे ते शोधणं.

पल्स वेग त्याहून आत बघतो. एक प्रोब स्थिर ठेवा आणि दुसरा २०० मिमीपासून १००-१०० मिमीने पुढे सरकवत ६०० मिमीपर्यंत न्या. वेळ आणि अंतर यांचा आलेख काढा. दर १०० मिमीला २५ मायक्रोसेकंद वाढत असतील तर वेग सेकंदाला ४ किमी. एकाच जोडीच्या अंतराला वेळेने भागून वेग काढू नका. पृष्ठभागावरून घेतलेल्या मोजणीत अंतर नेमकं कुठून कुठवर धरायचं हेच पक्कं नसतं, आलेखाचा उतार ती अडचण टाळतो. रेघ मध्येच मोडली तर तिथे तडा आहे किंवा वरचा थर कच्चा आहे.

वाहतूक कधी सोडायची हा प्रश्न असेल तर हॅमर बाजूला ठेवा आणि मॅच्युरिटी वापरा. ताज्या काँक्रीटमध्ये तापमान नोंदणारा सेन्सर पुरून ठेवतात. तापमान आणि वेळ यांचा गुणाकार साचत जातो. शून्य बिंदू (ज्याखाली काँक्रीट पक्कं होणं थांबतं असं धरतात ते तापमान) उणे १० अंश धरला आणि काँक्रीट २४ तास ३० अंशांवर राहिलं, तर ४० गुणिले २४ म्हणजे ९६० अंश-तास. प्रयोगशाळेत त्याच मिश्रणाच्या नमुन्यांवर आधी वक्र काढलेला असला की किती अंश-तासांना किती ताकद ते वाचता येतं. मिश्रण बदललं की वक्र रद्द.

आठवी पायरी: स्लॅब बसला आहे का

एफडब्ल्यूडी म्हणजे ओढगाडीवर बसवलेलं वजन, जे ३०० मिमी व्यासाच्या प्लेटवर पडतं, आणि ओळीने लावलेले सेन्सर स्लॅब किती लवला ते टिपतात. ठोका क्षणभराचा असतो, जाणाऱ्या जड चाकासारखा.

भार पुढे जातो का हे बघायला प्लेटची कड सांध्याला टेकवून ठेवा. एक सेन्सर प्लेटच्या मध्यावर, दुसरा सांध्यापलीकडे तेवढ्याच अंतरावर. पलीकडची लवण (स्लॅब किती लवला तो आकडा) भागिले अलीकडची लवण, गुणिले १००. अलीकडे १८० मायक्रॉन, पलीकडे १४५, तर ८१ टक्के, ठीक. ७० च्या खाली गेलं की काळजी. पण टक्केवारीवर एकटीवर भाळू नका. ४०० आणि ३४० म्हणजे ८५ टक्के होतात, आणि तरी दोन्ही स्लॅब एकत्र डुलत आहेत. डॉवेल ठणठणीत, पाया गेलेला. अहवालात टक्केवारीच्या शेजारी मूळ लवण छापा, असा माझा हट्ट असतो.

पोकळीसाठी कोपऱ्यावर तीन वेगवेगळ्या भारांचे ठोके द्या आणि भार-लवण आलेखाची सरळ रेघ शून्य भारापर्यंत मागे न्या. समजा ४०, ६० आणि ८० किलोन्यूटनला २१०, ३०० आणि ३९० मायक्रॉन मिळाले. दर किलोन्यूटनला ४.५ मायक्रॉन, म्हणून शून्यावर रेघ ३० मायक्रॉनला छेदते. दुसऱ्या कोपऱ्यावर ३३०, ४५०, ५७० मिळाले. तिथे छेद ९० वर. छेद ५० मायक्रॉनच्या वर गेला की स्लॅबला आधी फट मिटवावी लागते आहे आणि मग पाया लागतो आहे, अशी शंका घ्यायची.

आता ताटली आठवा. पहाटे उताण्या ताटलीचे कोपरे तसेही उचललेले असतात, तेव्हा चांगल्या स्लॅबखालीही पोकळी "सापडते". भर दुपारी कडा दाबून बसलेल्या असतात आणि खरी पोकळी लपते. वर सांध्याची तोंडं पसरून एकमेकांना भिडलेली, त्यामुळे भार पुढे देण्याची टक्केवारीही फुगते. म्हणून सांध्याचं काम हवा २७ अंशांच्या खाली असताना उरकायचं आणि पोकळीचं काम स्लॅबच्या वरच्या-खालच्या तापमानात फारसा फरक नसताना. ऊन चढायला लागल्यावर ताटली उताणीची पालथी होते, त्याच्या मधला थोडा वेळ हाच. स्लॅबमध्ये वेगवेगळ्या खोलीची बारीक छिद्रं पाडून त्यांत तेल भरून तापमान घेतात. न फोडता तपासणीत ड्रिल चालवावं लागतं, याला काही इलाज नाही. दर तासाला ही नोंद घ्या, आणि शंकेचा कोपरा दोन वेगळ्या वेळी ठोका. दोन्ही वेळा छेद वर आला तर पोकळी.

नववी पायरी: दोन-तीन कोअर, पण विचार करून

कोअर फक्त वाईट जागी काढतात, ही सवय सोडा. एक कोअर सगळी यंत्रं "चांगलं" म्हणतात तिथे, एक सगळी "वाईट" म्हणतात तिथे, आणि एक जिथे यंत्रांचं एकमत होत नाही तिथे. शिकायला तिसरा सगळ्यांत उपयोगी. जागा आधी जीपीआरने बघा, म्हणजे पोलाद कापलं जाणार नाही. कोअर निघाल्यावर भोकात हात घालून तळ चाचपा, फट लागते का, पाणी आहे का. लांबी चार बाजूंनी मोजा. मग त्या लांबीवरून जीपीआरचा अंक आणि इम्पॅक्ट-इकोचा वेग सुधारून संपूर्ण पट्ट्याचा हिशेब पुन्हा चालवा.

अहवाल

प्रत्येक वाचनाशेजारी स्लॅबचा क्रमांक, वेळ, हवेचं आणि स्लॅबचं तापमान, पृष्ठभाग कोरडा की ओला हे लिहा. जीपीआरचा कोणता अंक धरला आणि तो कुठून आणला ते लिहा. मूळ फाइली जपून ठेवा. रंगीत नकाशा नंतर कधीही काढता येतो, मूळ लहर परत मिळत नाही. निकालाचे दोन रकाने करा, एकात यंत्राने काय मोजलं आणि दुसऱ्यात त्यावरून तुम्ही काय काढलं. ज्या स्लॅबवर काम झालं नाही त्यांचे चौकोन कोरे ठेवा, शेजारच्या स्लॅबच्या रंगाने भरू नका. आणि लेन मोकळी करण्याआधी कोअरची भोकं न आकसणाऱ्या मसाल्याने भरून, वर रस्त्यासारख्याच रेघा ओढून घ्या. नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी तोच गोल खड्डा दोष म्हणून नकाशात टिपेल.